छोट्या कारखान्यातील प्रशिक्षणासाठी फोन, व्हॉट्सॲप आणि क्यूआर कोड कसे वापरावेत

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड किंवा शिरोली यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील पन्नास-शंभर माणसांच्या कारखान्यात प्रशिक्षणासाठी स्वतंत्र विभाग क्वचितच असतो. नवा ऑपरेटर आला की त्याला एखाद्या अनुभवी ऑपरेटरच्या शेजारी उभे केले जाते, काही दिवसांनी मशीन त्याच्या ताब्यात दिले जाते, आणि त्याला काय आले व काय यायचे राहिले हे बहुधा पहिला मोठा लॉट रिजेक्ट झाल्यावरच कळते. आज कारखान्यातील जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आहे. त्यामुळे व्हॉट्सॲपवर एक गट तयार करावा, त्यात व्हिडिओ टाकावेत आणि प्रशिक्षण सुरू झाले असे समजावे, हा विचार सहज सुचतो. परंतु व्हिडिओ कोणी उघडला एवढेच त्या गटावरून कळते. त्यातले कोणाच्या हाताला आले, हे त्यावरून समजत नाही. फोनने शिकवण्याचा एक भाग खरोखर सोपा होतो, तर दुसरा भाग मशीनपाशी, जाणत्या माणसाच्या नजरेखालीच पार पडतो. हे दोन भाग एकमेकांना कसे जोडावेत, हे सीएनसी टर्निंगच्या (संगणकीय आज्ञांवर चालणाऱ्या लेथवर धातू कातण्याच्या) छोट्या कारखान्याचे उदाहरण समोर ठेवून येथे सांगितले आहे. असेंब्ली, प्रेस शॉप किंवा पॅकिंग यांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल.

आधी काम, मग साधन

पहिल्या आठवड्यात कोणतेही ॲप उघडू नका. मागील तीन महिन्यांच्या रिजेक्शन (नापास माल) आणि रीवर्कच्या (पुन्हा दुरुस्त केलेल्या मालाच्या) नोंदी घ्या, इन्स्पेक्टर आणि सर्व शिफ्टचे सुपरवायझर यांना एकत्र बसवा आणि वारंवार होणाऱ्या पाच-सहा चुका शोधून काढा. प्रत्येक चुकीबाबत एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारा: ही चूक माहीत नसल्यामुळे होते, की माहीत असूनही होते? चकचे (लेथवर तुकडा पकडून फिरवणाऱ्या भागाचे) जॉ, म्हणजे जबडे, झिजलेले असतील, गेज तीन मशीनमध्ये मिळून एकच असेल किंवा उत्पादनाचा आकडा गाठण्यासाठी फर्स्ट पीस तपासणी (लॉटमधला पहिला तुकडा तपासणे) टाळली जात असेल, तर कितीही उत्तम व्हिडिओ केला तरी फरक पडणार नाही, आणि ज्याच्या हातात ती गोष्ट नाही त्याच कामगाराला पुन्हा पुन्हा शिकवत राहणे अन्यायाचे होईल. अशा चुका बाजूला काढून त्या व्यवस्थापनाकडे द्याव्यात. उरलेल्या चुकाच प्रशिक्षणाचा विषय होत.

त्यानंतर प्रत्येक विषयासाठी एकच वाक्य लिहावे: शिकून झाल्यावर हा माणूस काय करून दाखवेल? ‘मायक्रोमीटरची माहिती होईल’ हे वाक्य उपयोगाचे नाही. ‘मायक्रोमीटरचा शून्य तपासून, जॉबचा (मशीनवर घडवलेल्या तुकड्याचा) व्यास दोन ठिकाणी मोजून, तो टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत) आहे की नाही हे स्वतः सांगेल’ हे वाक्य उपयोगाचे आहे, कारण व्हिडिओ, प्रश्न आणि प्रत्यक्ष परीक्षा या तिन्ही गोष्टी त्यातूनच निघतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. कारखान्यांत नव्याने येणाऱ्या हजारो माणसांना कमी वेळात काम शिकवायचे होते, म्हणून सुपरवायझरांसाठी चार पायऱ्यांची पद्धत बांधली गेली: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या आणि नंतर लक्ष ठेवा. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटाच्या कार्यपद्धतीत रुजली. मला ही चार पायऱ्यांची चौकट आजही सर्वांत भरवशाची वाटते, कारण फोन कोठे बसतो आणि कोठे बसत नाही हे तिच्यावरून चटकन ठरवता येते. काम दाखवण्याच्या पायरीत व्हिडिओची मोठी मदत होते, कारण तो तिन्ही शिफ्टमध्ये तेच आणि तसेच दाखवतो. लक्ष ठेवण्याच्या पायरीत संदेश आणि छोट्या चाचण्या उपयोगी पडतात. करून घेण्याच्या पायरीत मात्र मशीन, जॉब आणि शेजारी उभा असलेला जाणता माणूस यांना पर्याय नाही, आणि वेळ वाचवण्याच्या नादात नेमकी हीच पायरी गाळली जाते.

व्हिडिओ कसा करावा

एका व्हिडिओत एकच मुद्दा घ्यावा आणि तो एक ते दोन मिनिटांत संपवावा. अनेक कारखान्यांत एका पानावर एक मुद्दा समजावणारा ‘वन पॉइंट लेसन’ फळ्यावर लावलेला असतो. व्हिडिओलाही तोच नियम लावावा. ‘सीएनसी लेथ चालवणे’ हा विषय एका व्हिडिओत मावत नाही. ‘वेअर ऑफसेट (हत्यार झिजल्याने मापात आलेला फरक भरून काढण्यासाठी मशीनमध्ये भरायचा आकडा) कोणत्या चिन्हाने टाकायचा’ हा मावतो.

मायक्रोमीटरने बाहेरचा व्यास मोजण्याचे उदाहरण घेऊ. प्रथम उत्तम काम करणाऱ्या ऑपरेटरला ते काम नेहमीप्रमाणे करू द्यावे, शेजारी उभे राहून पाहावे आणि तीन रकाने भरावेत: पायरी, त्यातली नेमकी मेख आणि तिचे कारण. अनुभवी माणूस आपण काय करतो ते सगळे सांगत नाही, कारण कितीतरी गोष्टी त्याचा हात न सांगता करत असतो. तो ॲन्व्हिल आणि स्पिंडल (जॉबला टेकणारी मायक्रोमीटरची दोन टोके) पुसतो, शून्य पाहतो, थिंबल (फिरवायची नळी) न फिरवता रॅचेटने (ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या टोकाच्या बटणाने) शेवटचा दाब देतो आणि मशीनमधून नुकताच काढलेला गरम जॉब लगेच मोजत नाही. यापैकी प्रत्येक गोष्टीचे ‘का’ त्याला विचारून लिहून घ्यावे. मोजमापांचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस मानलेले आहे आणि पोलाद दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन प्रसरण पावते. म्हणून ५० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट थंड स्थितीपेक्षा वीस अंशांनी गरम असेल, तर तो सुमारे एक शतांश मिलिमीटर मोठा भरतो. साध्या मायक्रोमीटरचा तो पूर्ण एक भाग झाला. टॉलरन्स तीन शतांशांचा असेल, तर त्यातील एक तृतीयांश भाग नुसत्या उष्णतेत जातो. हे कारण एकदा नीट कळले की जॉब थंड होऊ देण्याची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. मेख आणि कारण सांगणारा व्हिडिओच पुन्हा पुन्हा पाहण्याजोगा ठरतो.

चित्रीकरण करताना कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्याजवळून, त्याच्या नजरेच्या दिशेने धरावा. समोरून चित्रीकरण केले तर डावे-उजवे उलटे दिसते आणि शिकणाऱ्याला ते मनातल्या मनात फिरवून घ्यावे लागते. बहुतेक जण फोन उभा धरूनच पाहणार असल्याने व्हिडिओही उभाच घ्यावा. शॉप फ्लोअरवर कंप्रेसर, कूलंटचा पंप आणि शेजारची मशीन यांच्या आवाजात बोललेले काही ऐकू येत नाही, म्हणून चित्र आधी घ्यावे आणि आवाज नंतर शांत खोलीत, इअरफोनच्या माइकवर, वेगळा भरावा. यामुळे त्याच चित्रावर एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत निवेदन करता येते. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले कामगार ज्या कारखान्यात आहेत तेथे ही दोन निवेदने अत्यावश्यक मानावीत. निवेदनात शॉप फ्लोअरवर रोज बोलले जाणारे शब्दच वापरावेत.

चित्रीकरणात दोन तांत्रिक अडचणी हमखास येतात. आपल्याकडे विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने अनेक ट्यूब आणि एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. फोन सेकंदाला ३० फ्रेमवर असेल तर व्हिडिओत पट्टे किंवा लुकलुक दिसते. फोनच्या कॅमेऱ्यात २५ किंवा ५० फ्रेमचा पर्याय असल्यास तो निवडावा, नसल्यास मशीनच्या आतील दिवा बंद करून उजेड बाहेरून द्यावा. दुसरी अडचण सुरक्षिततेची आहे. काही वेगांवर फिरणारा चक व्हिडिओत थांबलेला किंवा उलट फिरणारा दिसतो, आणि नवख्या माणसाच्या मनात त्यामुळे चुकीचे चित्र तयार होऊ शकते. फिरता भाग दिसणाऱ्या प्रत्येक व्हिडिओत ‘येथे चक फिरत आहे, हात आत नाही’ हे निवेदनात स्पष्ट म्हणावे. त्याचबरोबर व्हिडिओतील माणसाने सुरक्षा चष्मा आणि बूट घातलेले असावेत, फिरत्या चकजवळ हातमोजे घातलेले नसावेत, चिप्स (धातूचा कीस) हाताने न काढता हुकने काढाव्यात. हे सर्व पाहूनच व्हिडिओ गटात जाऊ द्यावा, कारण पाहणारा सांगितलेल्या गोष्टींबरोबर नुसत्या दिसलेल्या गोष्टीही शिकत असतो.

शक्य असेल तेथे व्हिडिओत कारखान्यातलाच माणूस दाखवावा. आपल्याच लाइनवरचा ऑपरेटर शिकवतो आहे हे पाहून नवा माणूस नंतर त्याच्याकडे जाऊन शंका विचारतो, आणि ज्याचे कसब आजवर कोणी नोंदवले नव्हते त्याचा मानही राहतो. मात्र त्याची संमती आधी घ्यावी, निवेदनाच्या शेवटी त्याचे नाव घ्यायचे का हे त्यालाच विचारावे, आणि चित्रीकरणात गेलेला वेळ त्याच्या उत्पादनाच्या आकड्यातून वजा करावा.

मशीनवरचा क्यूआर कोड

गटात टाकलेला व्हिडिओ दोन आठवड्यांत शेकडो संदेशांखाली दबतो. ज्याला आज रात्रपाळीत इन्सर्ट (हत्याराचे बदलते पाते) बदलायचा आहे त्याला मागच्या महिन्यातला व्हिडिओ सापडत नाही, आणि गटात नव्याने आलेल्याला जुने संदेश आपोआप दिसतही नाहीत. म्हणून सर्व धडे एका जागी ठेवावेत आणि त्या जागेचा क्यूआर कोड संबंधित मशीनवर लावावा.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, तोच मुळी मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. कारखान्यातल्या तेलकट हातांची आणि मळक्या लेबलांची जाण त्याच्या रचनेतच आहे: कोड तयार करताना चूक-दुरुस्तीची सर्वांत वरची, ‘एच’ नावाची पातळी निवडली, तर सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. कूलंट उडणाऱ्या जागेसाठी हीच पातळी निवडावी, लॅमिनेट केलेला कोड कंट्रोल पॅनेलच्या बाजूला लावावा आणि खाली मोठ्या अक्षरांत विषयाचे नाव लिहावे.

कोड थेट व्हिडिओच्या लिंकचा करू नये. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच लिंकवर दुसरा व्हिडिओ ठेवता येत नाही. म्हणजे पद्धत बदलली की सगळे कोड पुन्हा छापावे लागतात. त्याऐवजी प्रत्येक मशीनसाठी गूगल डॉक्युमेंट किंवा गूगल साइट्सचे एक साधे पान करावे, त्यावर त्या मशीनच्या धड्यांच्या लिंक ठेवाव्यात आणि कोड त्या पानाचा करावा. व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर ठेवला असेल, तर फाइलची नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीच्या जागी चढवता येते आणि लिंक तीच राहते. विनामूल्य खात्यावर १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल व फोटोंसह सामाईक असते; दोन मिनिटांच्या व्हिडिओंसाठी ती बराच काळ पुरते.

अनेक कारखान्यांत मशीनजवळ फोन वापरण्यास बंदी असते आणि ती योग्यच आहे. ती बंदी मोडून प्रशिक्षण देऊ नये. प्रत्येक सेलजवळ (मशीनच्या गटाजवळ), पण मशीनपासून दूर, भिंतीला लावलेला एक साधा टॅब्लेट पुरेसा होतो. तो परवडत नसेल तर सुपरवायझरच्या टेबलापाशी पिवळ्या पट्टीने आखलेली जागा ठेवावी, मशीनचे कोड तेथे लावावेत आणि फोन तेथेच उघडायचा असा नियम करावा. मशीन चालू असताना फोन हातात घ्यायचा नाही, हा नियम पहिल्या धड्याच्या पहिल्या वाक्यात यावा.

व्हॉट्सॲपचा गट

व्हॉट्सॲप सर्वांना येते आणि नवे ॲप शिकवावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पण ज्या गटात सुट्टीचे अर्ज, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सकाळची सुविचारांची चित्रे येतात, त्याच गटात धडे टाकले तर ते वाचले जात नाहीत. दोन गट ठेवावेत. पहिला केवळ धड्यांचा असावा, त्यात फक्त ॲडमिनने संदेश पाठवावेत अशी मांडणी करावी आणि आठवड्यातून दोनपेक्षा अधिक धडे टाकू नयेत. दुसरा शंकांचा, तोही एका लाइनपुरता, पंधरा-वीस माणसांचा असावा. व्हॉट्सॲपच्या गटात १०२४ सभासद मावतात म्हणून संपूर्ण कारखाना एका शंका-गटात घालण्यात अर्थ नाही. शंभर लोकांसमोर कोणी ‘मला हे कळले नाही’ असे लिहीत नाही.

मराठी टाइप करणे अनेकांना अवघड जाते, म्हणून शंका व्हॉइस मेसेजने विचारण्यास आवर्जून सांगावे आणि उत्तरही तसेच द्यावे. उत्तर कोण देणार आणि किती वेळात देणार हे ठरलेले असावे. अनुत्तरित राहिलेल्या दोन शंकांनंतर तिसरी कोणी विचारत नाही. महिन्यातून एकदा त्या गटातील चांगल्या शंका वेचून त्यांचा नवा धडा करावा. प्रशिक्षणाचा पुढचा विषय शोधण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

सदोष जॉबचा फोटो गटात टाकताना विशेष काळजी घ्यावी. फोटो अवश्य टाकावा, कारण टॅपर आलेला (एका टोकाकडे निमुळता झालेला) व्यास किंवा चॅटर मार्क (कंपनाने उमटलेल्या रेघा) पाहून जे कळते ते वर्णनाने कळत नाही. पण त्यासोबत नाव, मशीन क्रमांक किंवा शिफ्ट देऊ नये, आणि कोणी गटात बोट दाखवू लागल्यास ॲडमिनने तो संदेश तत्काळ काढून त्या व्यक्तीशी खासगीत बोलावे. सर्वांसमोर अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी खराब जॉब लपवतो, आणि लपवलेला जॉब ग्राहकाच्या असेंब्ली लाइनपर्यंत पोहोचतो. कारखान्याच्या दृष्टीने पाहिले तरी ही किंमत फार मोठी आहे. माणसाच्या दृष्टीने तर तसे वागणे मुळातच अयोग्य आहे.

गटातील प्रत्येकाला इतरांचे फोन नंबर दिसतात, ही गोष्ट स्त्री कामगारांच्या बाबतीत दुर्लक्ष करण्यासारखी नाही. नंबर मिळाल्यावर नको ते संदेश येऊ लागतात आणि तक्रार करावी तर नोकरीवर परिणाम होईल अशी भीती वाटते. व्हॉट्सॲपने २०२२ पासून दिलेल्या ‘कम्युनिटी’ या सोयीतील घोषणा-गटात सभासदांचे नंबर परस्परांपासून लपलेले राहतात. सर्वांसाठीचे धडे त्या मार्गाने द्यावेत, आणि शंका-गटात यायचे की थेट प्रशिक्षकाला विचारायचे हा निर्णय त्या स्त्रीवर सोडावा.

वेळेचाही प्रश्न आहे. तीन शिफ्टच्या कारखान्यात प्रत्येक संदेश कोणाच्या तरी झोपेत जातो. धडा शिफ्टच्या आरंभी, कामाच्या वेळेतच पाहण्याची सोय असावी. टूलबॉक्स टॉकच्या (शिफ्टच्या आरंभीच्या छोट्या बैठकीच्या) दहा मिनिटांत तो सर्वांना एकत्र दाखवणे उत्तम. घरी जाऊन, स्वतःचा डेटा खर्चून, विनामोबदला शिकण्याची अपेक्षा ठेवू नये. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा फोन घरात दोघांत मिळून एक आहे, असे कामगार प्रत्येक कारखान्यात असतात आणि ते ही अडचण सहसा स्वतःहून सांगत नाहीत.

चाचणी आणि उजळणी

पाठ केलेले माणूस किती वेगाने विसरतो याचा अभ्यास हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. मधे अंतर ठेवून पुन्हा आठवायला लावल्यास गोष्ट अधिक टिकते, हे त्यानंतरच्या संशोधनातून वारंवार दिसले आहे. त्यामुळे एका विषयाची एक मोठी परीक्षा घेण्याऐवजी दोन-दोन प्रश्न त्याच दिवशी, तीन-चार दिवसांनी, पंधरवड्याने आणि महिन्याने विचारावेत.

यासाठी गूगल फॉर्म पुरेसा आहे. त्यात क्विझचा पर्याय चालू केला की गुण आपोआप मिळतात, चुकीच्या उत्तराखाली कारण लिहिता येते आणि सर्व उत्तरे शीटमध्ये जमा होतात. ई-मेल गोळा करण्याचा आणि एकालाच एकदा उत्तर देऊ देण्याचा पर्याय बंद ठेवल्यास जीमेलचे खाते नसलेल्यालाही फॉर्म भरता येतो. ओळखीसाठी टोकन क्रमांक विचारावा. व्हॉट्सॲपचा पोल चाचणीसाठी वापरू नये, कारण गटातील पोलमध्ये कोणी कोणते उत्तर निवडले हे इतरांना दिसू शकते. अशा वेळी लोक स्वतः विचार न करता आधीच्या माणसाचे उत्तर पाहून बोट ठेवतात.

प्रश्न व्याख्येचे नसावेत, निर्णयाचे असावेत. मायक्रोमीटरच्या थिंबलचा स्पष्ट फोटो द्यावा आणि रीडिंग विचारावे. त्यानंतर विचारावे: ड्रॉइंगवर व्यास ५० मिलिमीटर, टॉलरन्स उणे ०.०२ ते उणे ०.०५; थंड जॉबचे रीडिंग ४९.९९ आले, तर काय कराल? पर्यायांत जॉब पुढे पाठवणे, एक्स अक्षाचा वेअर ऑफसेट अधिक चिन्हाने टाकणे, उणे चिन्हाने टाकणे आणि मशीन थांबवून सेटरला (मशीन जुळवून देणाऱ्याला) बोलावणे हे चारही ठेवावेत. बाहेरचा व्यास मोठा आला असल्याने ऑफसेट उणे टाकायचा; चिन्ह चुकले तर जॉब आणखी मोठा निघतो, आणि उलट प्रसंगी, म्हणजे व्यास आधीच लहान असताना चिन्ह चुकले, तर पुढचा जॉब थेट भंगारात जातो. तुमच्या कारखान्यात ऑफसेट फक्त सेटरनेच टाकायचा असा नियम असेल, तर बरोबर उत्तर चौथे असेल, आणि मग तेच शिकवले जावे. निकाल पाहताना माणसांची क्रमवारी लावण्याऐवजी प्रश्नांची लावावी. एखादा प्रश्न निम्म्याहून अधिक जणांचा चुकला असेल तर धडा पुन्हा करावा लागेल.

बाहेरचे साहित्य

सगळे स्वतः तयार करण्याची गरज नाही. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या ‘भारत स्किल्स’ या संकेतस्थळावर आयटीआयच्या ट्रेडनुसार अभ्याससाहित्य आणि प्रश्नसंच आहेत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्किल इंडिया डिजिटल हब’वर अभ्यासक्रम शोधता येतात. ड्रॉइंग वाचन, मोजमाप साधने, मूलभूत सुरक्षितता यांसाठी हे पाहावे. अप्रेंटिस असलेल्या कारखान्याला तर त्यांचा विशेष उपयोग आहे.

यूट्यूब आणि इन्स्टाग्राम यांवरचे मशीनिंगचे व्हिडिओ तरुण ऑपरेटर तसेही पाहतातच. त्यातले काही फार चांगले असतात. काहींत हातमोजे घालून लेथ चालवली जाते, उघड्या दाराने मशीन सुरू असते, हाताने चिप्स ओढल्या जातात. त्यांवर बंदी घालता येणार नाही आणि घालूही नये. असा एखादा व्हिडिओ टूलबॉक्स टॉकमध्ये आवाज बंद करून दाखवावा आणि त्यातले धोके सर्वांकडून काढून घ्यावेत. धोका स्वतः ओळखण्याची सवय लावण्यासाठी ही पद्धत फार परिणामकारक आहे, आणि ज्यांनी आजवर तोंड उघडले नव्हते तेही या वेळी बोलतात.

शिकला हे कशावरून ठरवावे

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पातळ्या मांडल्या: शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वागणे बदलले का आणि कामाच्या परिणामात फरक पडला का. डिजिटल साधने पहिल्या दोन पातळ्यांचे आकडे विनासायास देतात, त्यामुळे बहुतेक कारखाने तेथेच थांबतात. तिसऱ्या पातळीसाठी सुपरवायझरने मशीनपाशी उभे राहून पाहावे लागते. पाच-सहा मुद्द्यांची तपासयादी फोनवरच्या फॉर्ममध्ये करावी, ऑपरेटरला काम करू द्यावे, न टोकता पाहावे आणि प्रत्येक मुद्दा झाला की नाही एवढेच नोंदवावे. स्किल मॅट्रिक्समधील (कोणाला कोणते काम येते याच्या तक्त्यातील) त्याचा रकाना ही तपासणी पार पडल्यावरच भरावा. व्हिडिओ पाहिला किंवा क्विझमध्ये पूर्ण गुण मिळाले म्हणून तो भरू नये. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीतील ७.२ हे कलमही सक्षमतेचा पुरावा मागते, आणि तारीख, वेळ व तपासणाऱ्याच्या नावासह जमा झालेली ही शीट ऑडिटच्या वेळी नुसत्या हजेरीपटापेक्षा कितीतरी भक्कम ठरते.

चौथ्या पातळीसाठी धडा सुरू होण्यापूर्वीचा आकडा लिहून ठेवलेला असावा. त्या विशिष्ट चुकीमुळे महिन्याला किती जॉब गेले, हा एकच आकडा पुरे. तो दोन-तीन महिने पाहावा. उतरला नाही तर शिकवण्यात उणीव आहे किंवा आपण सुरुवातीला बाजूला काढायला हवी होती अशी एखादी झिजलेली वस्तू अजून तेथेच आहे. कामगाराकडे वळण्यापूर्वी या दोन्ही शक्यता तपासाव्यात.

ड्रॉइंग, माहिती आणि खाती

ग्राहकाचे ड्रॉइंग, भागाचा क्रमांक आणि नवा प्रकल्प यांविषयी बहुतेक पुरवठादारांनी गोपनीयतेचा करार केलेला असतो. व्हिडिओच्या पार्श्वभूमीला भिंतीवरचे ड्रॉइंग दिसते आहे का, स्क्रीनवर प्रोग्रामचे नाव वाचता येते का, हे पाहूनच तो पुढे पाठवावा. यूट्यूबवरचा ‘अनलिस्टेड’ व्हिडिओ शोधात येत नसला तरी लिंक हाती लागलेल्या कोणालाही तो दिसतो. ग्राहकाचा भाग दिसत असेल तर असा व्हिडिओ ड्राइव्हवर, ठरावीक खात्यांपुरता आणि कारखान्यातील टॅब्लेटवरच ठेवावा. बाकीच्या धड्यांसाठी कोणत्याही कारखान्यात वापरता येईल असा साधा नमुना जॉब घ्यावा.

कामगाराचा फोन नंबर, फोटो आणि चाचणीचे गुण ही त्याची वैयक्तिक माहिती आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती वापरणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे. काय जमा करतो आणि कशासाठी, हे पहिल्याच दिवशी मराठी व हिंदीत लिहून सांगावे, गुणांची शीट फक्त प्रशिक्षक आणि संबंधित सुपरवायझर यांनाच उघडता यावी, आणि प्रशिक्षणासाठी घेतलेले गुण पगारवाढ रोखण्यासाठी वापरले जाणार नाहीत हे मालकाने स्वतः सर्वांसमोर सांगावे. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याला गटातून काढावे, आणि त्याने शिकवलेला व्हिडिओ पुढे ठेवायचा का हे त्याला जाण्यापूर्वीच विचारावे.

सर्व धडे, फॉर्म आणि पाने कंपनीच्या नावाच्या एका खात्यावर करावीत. उत्साही सुपरवायझरच्या खासगी जीमेलवर ती असली तर तो गेला की मशीनवरचे कोड उघडेनासे होतात. प्रत्येक गटाला किमान दोन ॲडमिन असावेत, पासवर्ड मालकाकडेही असावा आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असावी. प्रत्येक धड्याच्या नावात ड्रॉइंगचा किंवा कार्यपद्धतीचा आवृत्ती क्रमांक घालावा, आणि ड्रॉइंगची नवी आवृत्ती शॉप फ्लोअरवर देणाऱ्या माणसाच्या तपासयादीतच ‘या भागाचा धडा बदलला का’ हा प्रश्न छापून घ्यावा, म्हणजे जुना धडा त्याच दिवशी पानावरून उतरेल आणि नव्या टॉलरन्सचा धडा त्याच क्यूआर कोडखाली चढेल.